आठ दिवसांची काच

निशिगंधानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिसलं ते फक्त नाक. बाकीचा माणूस नंतर दिसला — लांबुडका, कडेकडेला वाकत गेलेला. भाईंदर पूर्वेला महिपतभाईंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ती कॅमेऱ्याला डोळा लावून गर्रकन वळली आणि नेमका तेव्हाच हा दारातून आत शिरला. दुकान ते केवढं, मागे सरकायला जागा कुठली! नाक थेट भिंगात.

तिला हसू फुटलं. दाबलं, तरी फुटलंच.

"काय झालं?" नाकाच्या मालकानं विचारलं.

"काही नाही… सॉरी. ही लेन्स तशी आहे."

"लेन्स तशी आहे, की मी तसा आहे?"

तिनं कॅमेरा खाली घेतला. माणूस चांगला होता की! सत्तावीस-अठ्ठावीसचा, उन्हात रापलेला, केस विंचरायचा कंटाळा केलेला, आणि डोळ्यांत नको तितकी मजा. नाक तर अगदी बेताचं. ती उगाचच लाजली, आणि आपण लाजलो म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"फिशआय म्हणतात हिला," ती दुकान आपलंच असल्यासारखी सांगायला लागली. "एका वेळी सगळं दिसतं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"माशाचा डोळा," तो म्हणाला. "आमच्याकडे पाटीभर असतात. डोळा बघून मासा ताजा की शिळा ते कळतं. ही ताजी आहे का?"

"सेकंड-हँड आहे," तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

ह्यावर महिपतभाई दुखावले. "अरे बेन, एकदम नये जैसा पीस है. एक फोटोग्राफर कॅनडा गया इसलिए बेच दिया. लेना है तो ले लो ना. तीन हफ्ते से खाली घुमा घुमाके वापस रखती हो."

हे मात्र खरं होतं. निशिगंधा मीरा रोडच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. पासपोर्ट फोटो, बारशी, वाढदिवस. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये चाळीस माणसं, केक, फुगे, आणि फोटोग्राफरनं उभं राहायचं ते फ्रिजला पाठ लावून. तिथं ही काच म्हणजे वरदान. पण बर्थडे-बॉयच्या मावशीला आपले दंड उशीएवढे दिसले तर? मग घ्यावी, की घेऊ नये? निशिगंधाचं सगळंच असं. साध्या चपला घ्यायला तिच्या तीन खेपा व्हायच्या, आणि चौथ्या खेपेला ती त्या बदलून आणायची.

"ऐसा करो," महिपतभाईंनी हात टेकले. "आठ दिन ले जाओ, वापरके देखो. अगले संडे शाम को या तो पैसा, या तो लेन्स. दुसरा गिऱ्हाईक भी पूछ रहा है."

मग ते नाकवाल्याकडे वळले. त्यानं खिशातून एक छोटा डिजिटल कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. त्यातून पाण्याचा थेंब टपकला.

"समुद्रात पडला," तो म्हणाला. "म्हणजे पडलो मीच. हा गळ्यात होता."

"कसे काय पडलात?" निशिगंधानं विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं.

"बोटीचा फोटो काढत होतो. अख्खी मावेना म्हणून मागे सरकलो. अजून मागे सरकलो…"

ती पुन्हा हसली. ह्या खेपेला तोही हसला. त्याचं नाव धनेश. राहणार चौक, उत्तनच्या पुढचं मासेमारीचं गाव. वडील बाळाराम ह्यांची नवी कोरी बोट किनाऱ्यावर उभी, दोन्ही अंगांना दुसऱ्यांच्या बोटी, फोटो काढणाऱ्याच्या पाठीला समुद्र. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुढच्याच रविवारी, ती पाण्यात लोटायची होती. आणि बाळारामबाबांना एक फोटो हवा होता — अख्ख्या बोटीचा, लोटणाऱ्या सगळ्या माणसांसकट.

"पन्नास फुटांची आहे," धनेश म्हणाला. "तुमच्या ह्या काचेत मावेल?"

"मावेल."

आयुष्यात इतक्या चटकन तिनं कशालाच हो म्हटलं नव्हतं.

•

बेव्हर्ली पार्कमधल्या निशिगंधाच्या घरात त्यानंतर तीन दिवस काही म्हणता काही सरळ राहिलं नाही. ट्यूबलाइट धनुष्यासारखी वाकली, कपाट पोक काढून उभं राहिलं. वडील, काशीनाथराव, पेपर वाचता वाचता टिपले गेले आणि फोटो बघून खवळले. "हे पोट माझं नाही. पुसून टाक."

निशिगंधाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेन्स लावायची, काढायची, पुन्हा लावायची. पुढची फुगीर काच मऊ फडक्यानं पुसायची. घ्यावी म्हटलं की खर्च डोळ्यांपुढे यायचा, परत द्यावी म्हटलं की जिवावर यायचं. हे जिवावर येणं लेन्सचं नाही हे तिला कळत होतं, पण कबूल कोण करणार?

"निशी, झालंय काय तुला?" आईनं, सुचेताबाईंनी, पोळ्या लाटता लाटता विचारलं. "सकाळपासून चौथ्यांदा गच्चीवर चाललीस."

"लेन्सचं ठरत नाहीये गं."

"लेन्सचंच ना?"

आया ना, नको तिथं बरोबर बोट ठेवतात. निशिगंधा पाचव्यांदा गच्चीवर गेली.

बुधवारी स्टुडिओ बंद. तिनं भाईंदर पश्चिमेहून चौकची बस पकडली. घरी सांगितलं, लेन्स तपासायला चाललेय. खोटं नव्हतं… अर्धं खरं होतं.

किनाऱ्यावर ताज्या रंगाचा आणि सुक्या मासळीचा वास एकत्र येत होता. पाऊस आला न आला असा भुरभुरत होता. धनेश बोटीवरून उडी मारून खाली आला, हातभर निळ्या रंगानं माखलेला. बोट खरंच देखणी होती. लांब, निळी, काठाला केशरी पट्टा, आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, अशी ताठ की समुद्राला विचारत असावी, येऊ का?

निशिगंधा नाळेसमोर उकिडवी बसली. धनेशनं छत्री उघडून कॅमेऱ्यावर धरली. नेमकी कॅमेऱ्यावर. तिच्या पाठीवर पागोळ्या गळत होत्या.

"छत्री जरा माझ्यावर धराल का?"

"आणि काचेवर पाणी पडलं तर?"

"काच सेकंड-हँड आहे. मी नाही."

त्यानं निमूटपणे छत्री सरकवली. मग स्वतःही सरकला, कारण छत्री एकच होती. तिनं बटण दाबलं, फोटो बघितला, पुन्हा दाबलं.

"तू भिजलीस पार," तो म्हणाला, आणि लगेच चपापला. "म्हणजे… तुम्ही."

"तू चालेल."

"नक्की? नंतर बदलणार नाहीस ना? महिपतभाई सांगत होते, तू सगळं परत करतेस."

"सगळं नाही," ती म्हणाली, आणि उगाच लेन्सचं झाकण शोधू लागली. झाकण तिच्याच मुठीत होतं.

बसथांब्यापर्यंत तो सोडायला आला. रस्ताभर इंजिनाबद्दल बोलला. तो बोटीवरचं इंजिन सांभाळायचा, आयटीआयला शिकला होता. निशिगंधाला इंजिनात काडीचा रस नव्हता, तरी तिनं इतके प्रश्न विचारले की तो स्वतःच गोंधळला. बस लांबून दिसली तेव्हा म्हणाला, "रविवारी बोट पाण्यात गेली की सोमवारी पहाटे पहिली फेरी. मग आठ-दहा दिवस मी इथं नाही."

"हं."

"सांगून ठेवलं आपलं."

शुक्रवारी तो स्टुडिओत हजर. पासपोर्ट फोटो हवा होता, बोटीच्या कागदांसाठी. निशिगंधानं त्याची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर केली. हे काम ती रोज वीस जणांचं करायची. आजच बोटं भाजल्यासारखी का झाली, देव जाणे.

"ठरलं का लेन्सचं?" त्यानं मान न हलवता विचारलं.

"नाही अजून."

"घेतलीस तर चौकला येत राहशील. फोटो काढायला." तो थांबला. "आणि नाही घेतलीस तर?"

"बोलू नका, हालतं ते," ती म्हणाली. 'नका' म्हणाली, म्हणजे बघा किती घाबरली होती. तो गेल्यावर तिनं त्याचे चार जास्तीचे फोटो छापले आणि पाकिटात घालताना एक काढून घेतला.

खरी गोष्ट अशी होती, आणि तिला ती त्या संध्याकाळी स्वच्छ कळली. जोवर लेन्सचं ठरत नव्हतं तोवर चौकला जायला कारण होतं. रविवारी संध्याकाळी ठरणार. लेन्स गेली की कारण गेलं. आणि नुसत्या कारणासाठी एवढी महागाची काच घ्यायची? म्हणजे माणसाला भेटायला जायचं म्हणून बस विकत घेण्यातली गत.

•

रविवारी पौर्णिमेनंतरची मोठी भरती होती. साडेबाराला पाणी पुरं चढणार, तेव्हाच बोट लोटायची. पाणी उतरायला लागलं की संपलं. मग पुढची मोठी भरती अमावास्येला, पंधरा दिवसांनी. तोवर बाकीच्यांच्या बोटी मासळी घेऊन येणार आणि ही किनाऱ्यावर बसणार. हे सगळं धनेशनं तिला सकाळी सकाळीच सांगितलं होतं.

बोटीला पताका लागल्या, पूजा झाली, नारळ फुटला. पन्नासेक माणसं जमली होती. निशिगंधानं भराभर फोटो काढले. एक बाजूनं, एक खाली वाकून, आणि उत्साहाच्या भरात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बाळारामबाबांना दाखवले.

बाबा बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"लवू कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "लवू सुताराला बोलवा. बोट वाकडी हाय."

निशिगंधाच्या पायाखालची वाळू सरकली. फोटोत बोट खरंच केळ्यासारखी वाकली होती. बाजूनं काढली की वाकणारच, लेन्सच तशी! पण ते तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत लवू सुतार आला आणि त्यानं फोटो बघितला.

"माजी बोट वाकडी?" म्हातारा थरथरायला लागला. "तीस वर्सं बोटी करतोय मी. कोन बोलला?"

"फोटू बोलतो. बघ ना तूच."

"सूत आना," लवू गरजला.

सूत आणलं. नाळेपासून पार मागच्या टोकापर्यंत ताणलं. सूत अगदी सरळ. बाबांनी पुन्हा फोटो बघितला, पुन्हा सूत बघितलं. "सूत सरळ हाय, पन फोटूत न्हाय. काय तरी चुकलंय. बोट न्हाय लोटायची." दोन जण म्हणाले फोटू खोटा, दोन म्हणाले फोटू खोटा कसा असेल, मशीन हाय ती. लवू पागोटं काढून वाळूत बसला. साडेबारा वाजून गेले होते. ओल्या वाळूवर पाण्याची रेघ बोटभर मागे गेली होती.

निशिगंधाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आपण हौसेनं आणलेल्या काचेपायी ह्या माणसांचा हंगाम बुडणार. तिनं धनेशकडे पाहिलं. वाटलं, आता रागावेल. तो रागावला नव्हता. तो तिच्याकडे असा बघत होता, की हिला ह्यातून वाट माहीत असणारच.

"पताकेचा बांबू दे," ती त्याला म्हणाली. "आणि तिथं उभा राहा. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

तिनं बाबांचा हात धरून त्यांना कॅमेऱ्याशी आणलं. "बाबा, हा बांबू सरळ आहे ना? हात लावून बघा आधी."

"सरळ हाय."

"आता ह्यातून बघा. मधोमध धरलाय. कसा दिसतो?"

"सरळ."

"आता मी कॅमेरा थोडा फिरवते." बांबू चौकटीच्या कडेला गेला आणि कोयत्यासारखा वाकला. त्याच्याबरोबर धनेशही वाकला, डोक्यापासून पायापर्यंत. "आता?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. डोळा काढून धनेशकडे बघितलं, पुन्हा डोळा लावला.

"पोरगा वाकडा हाय," ते म्हणाले.

माणसं खो खो हसली. निशिगंधा हसली नाही. "पोरगा सरळ आहे बाबा," ती म्हणाली. "मी त्याला कडेला ढकललं म्हणून वाकडा दिसला. मधोमध ठेवला की सरळच आहे तो. तुमची बोटही तशीच."

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. धनेश बांबू धरून तिथंच उभा होता. हलू नकोस म्हटलं होतं ना. पण कान लाल झाले होते.

तिनं नाळेसमोरून काढलेला बुधवारचा फोटो दाखवला. त्यात बोट ताठ उभी होती. बाबांनी लवूच्या खांद्यावर हात ठेवला, लवूनं पागोटं डोक्यावर ठेवलं, आणि बाबा ओरडले, "लावा हात."

सगळे धावले. निशिगंधानं कॅमेरा डोळ्याला लावला. हाच तो फोटो! निळी बोट, पताका, पन्नास माणसं, पाणी, ढगांतून उतरलेलं फिकट ऊन… सगळं एका चौकटीत मावलं होतं. माणसांनी जोर केला. बोट हलली नाही. पुन्हा जोर केला. पाणी आणखी उतरलं होतं. अर्धा तास उगाच गेला होता, आणि तो गेला होता तिच्यामुळे. चौकटीत धनेश दात-ओठ खाऊन रेटत होता, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

"ए बाय," धनेशची आई, जिजाबाई, पूजेचं ताट खाली ठेवून स्वतः पदर खोचत होती. "तू काय बघतेस? आमच्यात बोट लोटताना बघ्या कोनी न्हाय. हात लाव."

तिनं एक क्षण विचार केला. एकच. मग काचेवर झाकण बसवलं, कॅमेरा पिशवीत टाकला, पिशवी शेजारच्या बोटीच्या खुंटीला अडकवली आणि धावली. धनेशच्या बाजूला फळीवर जागा होती तेवढीच. तिनं दोन्ही तळवे टेकले आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावलं.

बोट कुरकुरली. मग हळूच, अगदी नाखुशीनं, एक वीत सरकली. मग हातभर. मग एकदम हातांतून निसटून पाण्यात गेली आणि डुलायला लागली. निशिगंधा गुडघाभर पाण्यात आपटली. धनेशनं तिला दंडाला धरून उभं केलं, आणि लगेच सोडलं नाही.

"फोटो?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"नाही काढला."

"एकही?"

"हात मोकळे नव्हते."

"मावलं असतं सगळं?"

"मावलं असतं," ती म्हणाली. तळव्यांना निळा रंग लागला होता. "मी सोडून."

•

संध्याकाळी तिनं लेन्स महिपतभाईंच्या काउंटरवर ठेवली.

"पसंद नहीं आया?"

"बहुत पसंद आया, भाई. पर नहीं लेना."

महिपतभाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. तिचा आवाज आज नेहमीसारखा अर्ध्यावर थांबला नव्हता. त्यांनी काच पुसून कपाटात ठेवली. निशिगंधा पायरी उतरली आणि समोर धनेश. धावत आल्यासारखा, शर्टवर बर्फाच्या पाण्याचे डाग.

"बोटीत बर्फ भरायचाय ना?" ती म्हणाली.

"भरतायत तिकडे." त्यानं तिच्या खांद्यावरून कपाटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "परत केलीस."

"हो."

"मी येता येता यादी करत होतो. कशाकशाचे फोटो काढायला तुला बोलवायचं त्याची. जाळी, बोंबील, आमचं बंदर…" तो कसनुसा हसला. "आता कशाला येशील तू?"

"तुझ्यासाठी."

दुकानात महिपतभाई पुसलेलाच काउंटर परत पुसायला लागले.

"आठ दिवस मी घेऊ की नको करत बसले," निशिगंधा म्हणाली. आता थांबायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. "खरं तर मला ते ठरवायचंच नव्हतं. ठरलं असतं तर येणं संपलं असतं. आज हात लावला तेव्हा कळलं, मला तिथं बाजूला उभं राहून बघायचं नाहीये. तू आवडतोस मला, धनेश. उद्या तू समुद्रात जाशील, म्हणून काय ते आत्ता सांग. आणखी आठ दिवस मी असे नाही काढू शकत."

धनेशनं मानेमागून हात फिरवला. "मघाशी आईनं विचारलं, ती बाय कोण? मी म्हटलं, फोटोवाली. आई म्हणाली, फोटोवाली लोटतानाचा फोटो न काढता गेली, मग ती आलेली कशाला?"

"मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही. मला तरी कुठं माहीत होतं? म्हणून तर धावत आलो. तू आवडतेस गं मला. इतकी, की बर्फ भरताना दोनदा चुकलो मी."

"मग आईला जाऊन सांग."

"सांगतो. आत्ता जाऊन सांगतो." तो वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. "एकटा?"

तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि घरी लावला. "आई, मला थोडा उशीर होईल. चौकला चाललेय."

"अगं, लेन्सचं काय झालं?"

"परत दिली."

सुचेताबाईंनी विचारलं, "मग चौकला कशाला?"

"आल्यावर सांगते," निशिगंधा म्हणाली. "सगळं सांगते. आणि आई, बाबांनाही जागं ठेव."

रेल्वेचा पूल ओलांडून दोघं पश्चिमेला आली. धनेशनं रिक्षा थांबवली आणि आत चढून तो पार पलीकडे सरकून बसला, तिला ऐसपैस जागा सोडून. ती बसली ती त्याला अगदी खेटून.